खिडकीकडची बाजू

मुंबईला जाऊन आलेलं माणूस आमच्या गावात आठवडाभर तरी भाव खातं. मीही खाल्ला असता. पण परतल्यापासून जो तो एकच विचारतोय, "रंजनाची वाकळ बघितली का हो बाई? मोबाइलवर फोटो आला होता." म्हणजे प्रवास मी केला, एसटीत हाडं माझी खिळखिळी झाली, आणि चौकशी कुणाची, तर रंजनाची. तेव्हा प्रदर्शन कसं होतं ते सगळ्यांना एकदाच सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले. तेवढीच माझीही मळमळ बाहेर पडेल.

रंजना माझी धाकटी जाऊ. लालबागची मुलगी, माहेर मालवणी. लग्न होऊन ती आमच्या कऱ्हाडकडच्या घरात आली, म्हणजे उंबरा ओलांडला आणि लगेच परत गेली, कारण भाऊजींची नोकरी परळलाच होती. मे महिन्यात मात्र दोघं गावी यायची, आणि त्या सुट्ट्यांत तिला वाकळ, मुंबईत जिला गोधडी म्हणतात ती, शिवायला मी शिकवलं. हे पहिल्यांदाच सांगून ठेवते, कारण मुंबईत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रंजना डावखुरी. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, तिच्या हातातली सुई बघून म्हणाल्या होत्या, "डाव्या हातानं कुठं वाकळ होती व्हय?" मी प्राथमिक शाळेतली बाई. डावखुरी पोरं मी पुष्कळ बघितलेली. तिला शेजारी न बसवता मी समोर बसवलं. माझा उजवा हात चालेल तसा तिचा डावा चालायला लागला, आरशात बघितल्यासारखा. आत्तींनी बोट तोंडात घातलं. रंजनाचं नव्हे, माझं कौतुक होतं ते.

तर अशा या रंजनाची मुलगी प्राची हिचा फोन आला. "मोठी आई, आईची गोधडी एक्झिबिशनला लागलीय. गिरगावात, ठाकूरद्वारजवळ. तू यायचंच हं, कारणं नकोत." मी आनंद झाल्याचं सांगितलं. फोन ठेवल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, "का गं, कोण गेलं?" इतका माझा चेहरा पडला होता.

लालबाग

रंजना पूर्वी चाळीत राहायची तेव्हा तिच्याकडे जायला मला फार आवडायचं. दोन खोल्या, नळावर रांग, आणि आम्ही गावाकडून नेलेल्या तांदळाच्या पिशवीवर उड्या. आपण बरे, असं वाटायचं. आता त्याच जागेवर टॉवर उभा आहे आणि त्यात त्यांना फुकट घर मिळालंय. लिफ्ट इतकी वर गेली की माझ्या कानात दडे बसले. दार उघडून आत गेले तर समोर हा एवढा मोठा काचेचा दरवाजा, आणि त्यातून येणारा वारा.

वाऱ्याचं सांगायला हवं. वाकळ धुतली की ती वाळणं हा मोठा उद्योग असतो. आम्ही नदीवर जातो, दगडावर आपटतो, चौघीजणी पिळतो, खडकावर पसरतो आणि गुरं येऊ नयेत म्हणून राखत बसतो. रंजना म्हणाली, "बाल्कनीत टाकली की चार-पाच तासांत कडक होते, अक्का." कडक! मला त्या वाऱ्याचासुद्धा हेवा वाटला. आता वाऱ्याचा हेवा करणारी बाई बरी नव्हे हे मला कळतं, पण जे वाटलं ते वाटलं.

एक गोष्ट मात्र आमच्याकडची बरी. त्या मजल्यावर सगळी दारं बंद. चपलांची कपाटं बाहेर आणि माणसं आत. आमच्या आळीत दुपारी दार लावलं तर आजारी आहात का विचारायला लोक येतात. हे मी रंजनाला ऐकवलं. ती हसून म्हणाली, "हो ना, चाळीत पण तसंच होतं. मी मिस करते ते." भांडायला तयार असलेल्या माणसाशी असं बोलू नये.

रात्री तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं, सोलकढी, आणि जाळीदार घावणे. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. मासा म्हटला की काट्याची धास्ती. पण ते तिखलं मी दोनदा मागून घेतलं, आणि दुसऱ्यांदा मागताना "जरासं खारट झालंय" असं म्हणायला विसरले नाही.

ठाकूरद्वार

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने निघालो. गिरगावात शिरल्यावर रस्ता आपोआप आपल्या मापाचा होतो. लाकडी कठड्यांची घरं, वाड्यांच्या तोंडाशी नावांच्या पाट्या, देवळाबाहेर बसलेल्या फुलवाल्या, आणि एका दुकानाबाहेर साबुदाणावड्यांची परात. प्राची म्हणाली, "आधी खाऊन घेऊ, आत गेलो की आईला लोक सोडत नाहीत." वडा गरम होता, चटणी गोडसर होती आणि ते वाक्य माझ्या घशात अडकलं. वर पियुष प्यावं लागलं.

हॉल एका जुन्या संस्थेच्या पहिल्या मजल्यावर होता. दारातच मी थबकले. चारी भिंतींवर वाकळाच वाकळा. आमच्याकडे वाकळ कशी असते? दिवसा उतरंडीसारखी रचलेली आणि रात्री अंगाखाली-अंगावर. तिला उभी केलेली मी जन्मात बघितली नव्हती. उभी केली की तिचं तोंड दिसतं. एक होती शाळेच्या गणवेशांची, निळ्या-पांढऱ्या तुकड्यांची, खिशांसकट. एक गिरणीतल्या तुकड्यांची, जिच्यात एकाच चौकड्याच्या कापडाचे दहा रंग होते. एक बाळाचं दुपटं, कुंच्यांच्या काठांनी मढवलेलं, इतकं मऊ दिसत होतं की बघूनच जांभई यावी. एका वाकळीवर टाके इतके जवळजवळ होते की कापडावर वळ उमटले होते, पाणी वाहून गेलेल्या वाळूवर उमटतात तसे. प्रत्येकीपुढे उभी राहून मी मनात म्हणत होते, हे मला सुचायला हवं होतं. हे तर मी केलंच असतं. ही बाई कोण कुठली, हिला एवढा वेळ कुठून मिळाला?

आणि मग हॉलच्या मधोमध गेले. तिथे एका मोठ्या बुटक्या चौरंगावर, एकटीच, ऐसपैस पसरलेली एक वाकळ होती. बाकीच्या भिंतीवर आणि ही मध्ये, म्हणजे मानाची. लोक तिच्याभोवती फेऱ्या घालत होते. मी गर्दीतून डोकं घातलं आणि बघताक्षणी ओळखली.

ती आत्तींची वाकळ होती. आत्ती गेल्या त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांची लुगडी उसवून रंजनाने आणि मी सोप्यात बसून शिवलेली. मधोमध त्यांच्या हिरव्या इरकलीचा पट्टा. पट्ट्याच्या एका अंगाला मी बसले होते, समोरच्या अंगाला ती. कडेपासून टाके घालत दोघी मध्याकडे सरकलो आणि पट्ट्याशी भेटलो. वाकळ झाल्यावर ती भाऊजींना दिली, आईचं शेंडेफळ म्हणून. म्हणजे निम्मी माझी. अगदी मोजून निम्मी.

शेजारी पुठ्ठ्याचं कार्ड होतं. गोधडीचं नाव: आईची माया. कलाकार: रंजना, लालबाग. त्याखाली आणखी एक ओळ होती: स्वयंशिक्षित.

मी ती ओळ पुन्हा वाचली. स्वयंशिक्षित! मग मी काय सोप्यात माशा मारत बसले होते?

एक बाई आल्या. खादीची साडी, चष्मा डोक्यावर ढकललेला. प्रदर्शन त्यांनीच मांडलेलं. प्राचीने माझी ओळख करून दिली तशा त्या म्हणाल्या, "अरे वा! रंजना मॅडमच्या जाऊबाई! तुम्ही पण शिवता का थोडंफार?"

थोडंफार. एवढी वर्षं शाळेत पोरं हाकली, वाकळा शिवल्या, आळीतल्या निम्म्या पोरी माझ्या हाताखाली शिकल्या, आणि माझी ओळख काय, तर रंजना मॅडमच्या जाऊबाई. मी म्हटलं, "हो, जमेल तसं." अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्या दिवशी मी आणखी काही बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण काय बघितलं ते विचारू नका.

भोईवाडा

तिसऱ्या दिवशी रंजना मला भोईवाड्यात घेऊन गेली. तिथे देवळामागच्या एका खोलीत ती बायकांना शिकवते. बायका सगळ्या आसपासच्या चाळींतल्या, कुणी पाळणाघर चालवणारी, कुणी ऑफिसातून सुटून आलेली. जमिनीवर बसणं गुडघ्यांना झेपत नाही म्हणून टेबलं मांडलेली. आमच्याकडे वाकळ धरायला या म्हटलं की बायका पाय पसरून जमिनीवर बसतात, आणि वाकळीपेक्षा गावाची उणीदुणीच जास्त उसवली जातात. इथेही गप्पा तशाच होत्या, फक्त सासूच्या जागी सोसायटीचा सेक्रेटरी होता.

रंजना शिकवायला बसली. सगळ्या बायका उजव्या हाताच्या, ही डावखुरी. ती म्हणाली, "शेजारी नको, समोर बसा. माझ्या हाताकडे बघा, आरशात बघता तसं." माझंच वाक्य, शब्दाला शब्द! बायका माना डोलावत होत्या आणि एकीने तर म्हटलं, "मॅडमची पद्धतच वेगळी." मी कोपऱ्यात बसून पाणी पीत होते. किती पाणी पिणार माणूस?

बायका गेल्यावर माझा बांध फुटला. प्राची टेबलं आवरत होती, तिच्यादेखत मी म्हटलं, "रंजना, ती वाकळ तू एकटीने शिवलीस?"

ती सुया डब्यात ठेवत होती. थांबली. "नाही की, अक्का. तुम्ही आणि मी."

"मग कार्डावर माझं नाव कुठं आहे? आणि स्वयंशिक्षित म्हणजे काय गं? मी मेले का?"

"अहो अक्का!" ती खरोखर घाबरली. "त्यांनी विचारलं, कुठल्या क्लासला शिकलात. मी म्हटलं, क्लास नाही केला. घरीच शिकले. त्यांनी ते तसं लिहिलं. आणि नावाचं म्हणाल तर..." ती जरा घुटमळली. "तुम्हीच म्हणायचात ना, वाकळीला शिवणारीचं नाव नसतं. पांघरणाऱ्याचं असतं."

ते खरं होतं. आमच्याकडे आबांची वाकळ असते, बाळंतिणीची असते, पाहुण्यांची असते. कुणी शिवली हे कुणी विचारत नाही, आणि सांगितलं तर ती बाई आगाऊ समजली जाते. हे मी स्वतःच पोरींना मोठ्या तोऱ्यात सांगत आले. पण ते गावात, जिथे मी शिवते हे सगळ्यांना माहीतच असतं. न सांगता माहीत असलं की न सांगण्यात मोठेपणा असतो. इथे कोण ओळखतंय?

"ते घरचं," मी म्हटलं. "इथे कार्ड आहे. कार्ड आहे तर माझं नाव हवं."

एवढं स्पष्ट बोलायची मलाच सवय नव्हती. माझा आवाज चिरकला. प्राचीने टेबल सोडलं आणि माझ्या गळ्यात हात टाकला. "मोठी आई, एवढंच ना? उद्याच नवीन कार्ड करते. माझीच चूक, मी बघायला हवं होतं. दोघींचं नाव, आणि कुठली बाजू कोणाची ते पण. ओके?"

रंजना म्हणाली, "आणि शिकवलं कुणी तेही लिही, प्राची. पहिल्या ओळीत."

घरी जाताना तिने लालबागच्या बाजारात थांबून मला चिवडा घेऊन दिला. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि बाहेर बघत राहिले.

पुन्हा ठाकूरद्वार

शेवटच्या दिवशी आम्ही लवकर पोचलो. हॉल रिकामा होता. चौरंगाची एक बाजू दाराकडे, दुसरी खिडकीकडे. प्राची स्केचपेन घेऊन उभी राहिली. "हं, मोठी आई, तुझी कुठली?"

खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत वाकळ धुवून धुवून विरली होती, रंग एकमेकांत मुरले होते. पण शिवणाऱ्या बाईला आपला हात कळतो. मी एकदा भोवती फिरले. दाराकडची बाजू ठीक होती. टाके सरळ, काम चोख, कोपरे नीट मारलेले. पण खिडकीकडच्या बाजूला जीव होता. टाका तांदळाच्या कणीएवढा, ओळी हिरव्या पट्ट्याला भिडताना जराशा वळलेल्या, जशी आत्तींच्या लुगड्याची निरी वळायची. वेगवेगळ्या जुन्या कापडांचे ताण सांभाळून कुठेही चुणी पडू दिली नव्हती. बघूनच माझं मन भरलं.

"ही माझी," मी खिडकीकडच्या बाजूवर हात ठेवला.

प्राचीने आईकडे बघितलं. रंजना वाकळीकडे बघत होती. मग म्हणाली, "लिही. खिडकीकडची बाजू, मंगलअक्का. दाराकडची रंजना."

कार्ड लागलं आणि माझे दिवस पालटले. गर्दी वाढली तशी मी खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले. लोक येत, दोन्ही बाजू बघत आणि माझ्या बाजूला रेंगाळत. चष्मेवाल्या बाई तर म्हणाल्या, "आता लक्षात येतंय. गुरूचा हात तो गुरूचा हात." मी म्हटलं, "नाही हो, रंजनाचंही काम स्वच्छ आहे. जरा घाई करते, एवढंच." हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने.

रंजना पलीकडे दाराशी उभी होती. तिच्या बाजूला फारसं कुणी थांबत नव्हतं. ती पाणी देत होती, लोकांना माझ्याकडे पाठवत होती.

दुपारी दादरच्या शिवणवर्गातल्या काही बायका आल्या. त्यांना दोरा कसा संपवायचा ते बघायचं होतं. मला काय, आयुष्य शिकवण्यात गेलेलं. मी चौरंगाला टेकून बसले, वाकळीची कड उलटून पोटाशी घेतली आणि सुरू केलं. "दोरा संपला की नुसती गाठ मारायची नाही. खालच्या अंगाला बारीक फुली घालायची, म्हणजे उसवत नाही. आता मी उजव्या हाताची. मी उजवीकडून डावीकडे जाते. म्हणून माझ्या प्रत्येक दोऱ्याची फुली डाव्या टोकाला सापडेल. ही बघा."

मी बोट ठेवलं. डाव्या टोकाला नुसती गाठ होती, दोरा सुरू होतो तिथली.

मी दुसऱ्या दोऱ्यावर बोट नेलं. मग तिसऱ्या. सगळ्या फुल्या उजव्या टोकाला होत्या. डाव्या हाताने शिवणारीचा दोरा जिथे संपतो तिथे, ओळीने.

"कुठे, बाई?" एकीने विचारलं.

"आहे, आहे," मी म्हटलं आणि कड खाली सोडली. "चहा घेऊन येते."

रंजना जिन्याशी कप मांडत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुला सकाळीच माहीत होतं."

तिने चहाची किटली खाली ठेवली. "हो."

"मग बोलली का नाहीस? मला तोंडावर पाडायचं होतं?"

"शी! काय बोलता, अक्का." तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "तुम्ही सगळी वाकळ फिरून बघितलीत आणि माझ्या बाजूवर हात ठेवून म्हणालात, ही माझी. आत्ती गेल्यापासून, त्याच्या आधीपासून, मी तुमच्यासारखं यावं म्हणूनच शिवतेय. मला वाटलं, आलं एकदाचं. मग कशाला बोलू?"

माझ्यासारखं आलं नव्हतं. माझ्यापेक्षा चांगलं आलं होतं, आणि बहुतेक त्याच मे महिन्यात आलं होतं, माझ्या समोर बसून, आणि मी मान वर करून बघितलं नव्हतं. हे तिला सांगावं असं मला वाटलं. जिभेवरही आलं. पण इतकी वर्षं जळलेल्या माणसाच्या तोंडून असं काही सहजी बाहेर पडत नाही. हेवा गेला असं कुणी समजू नये. उलट तो दुप्पट झाला. आधी फक्त तिच्या हाताचा वाटत होता, आता मनाचाही वाटायला लागला.

मी आत गेले. प्राचीकडून स्केचपेन मागून घेतलं. शाळेत फळ्यावर लिहायचे तशा ठळक अक्षरांत नावांची अदलाबदल केली. शिकवलं कुणी ती पहिली ओळ मात्र तशीच ठेवली. ती माझ्या हक्काची होती.

मग खुर्ची उचलून दाराकडच्या बाजूला जाऊन बसले. तिथे गर्दी नव्हती. बऱ्याच वेळाने एक वयस्क बाई काठी टेकत आल्या, कार्ड वाचलं, वाकळीभोवती सावकाश एक फेरी मारली आणि खिडकीपाशी थांबल्या.

"काय हात आहे हो!" त्या म्हणाल्या. "ही बाजू कुणाची म्हणायची?"

"माझ्या जावेची," मी म्हटलं.

"आणि तिकडची?"

"माझी."

त्यांनी माझ्या बाजूकडे बघितलं, चांगली आहे अशी मान हलवली, आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.